आजाराचं कारण लिहा

मंगळवार, दहा तारीख. सकाळी साडेअकरा. हॉस्पिटलचा चौथा मजला, प्रशासकांची केबिन.

हजर : प्रशासक साहेब. मेडिकल सुपरिंटेंडंट डॉक्टर. एचआरच्या मॅडम. समुपदेशक मॅडम. आणि मी, वॉर्डातली मावशी, अठरा वर्षं नोकरी, ठेकेदाराकडून.

खुर्च्या पाच. चौघं बसलेले. पाचवीवर एचआर मॅडमची पर्स. मी उभी.

साहेबांनी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. “बॅग बंद करताना आतून हात लागल्यासारखं वाटतं. झिपचा आवाज ऐकला की तळहात गार पडतात. स्वतःच्या पर्सची झिप काढून तिने बटण लावलं आहे.” इथे ते थांबले. “बटण,” परत म्हणाले, आणि हसले. डॉक्टरही हसले.

ते माझे शब्द होते. बंद दाराआड बोललेले. ज्यांच्यापाशी बोलले त्या समुपदेशक मॅडम समोर बसून मोबाइल चाळत होत्या.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. मी वाचला. मला वाचता येतं हे तिथे कुणी धरलंच नव्हतं. मी मानसिक आजारी आहे, माझ्या आठवणींवर विसंबता येत नाही, कोविड वॉर्डाबद्दल मी जे बोलले ते आजारात बोलले, असा मजकूर. खाली सहीची जागा. सही केली तर लिनन रूममध्ये बसून काम. नाही केली तर ठेकेदाराला कळवणार.

“मावशी, करा सही. तुमच्याच भल्याचं आहे,” एचआर मॅडम म्हणाल्या, आणि पेन काढायला त्यांनी पर्सची झिप ओढली.

माझे तळहात गार पडले. चौघांनी ते बघितलं.

आता क्रमानं सांगते.

मी परभणीकडची. लग्न होऊन थेरगावला आले, नवरा भोसरीत कंपनीत. दहावी पास. या हॉस्पिटलात मावशी म्हणून लागले आणि सातव्या वर्षी अकरा मावश्यांच्या ड्युट्या लावायला लागले. कुणाला कुठला मजला, कुणाची सुट्टी, किती चादरी धुवायला गेल्या, किती परत आल्या, सगळं माझ्या वहीत. यादीशिवाय मला काम सुचत नाही. घरी भाजीचीही यादी असते.

दुसऱ्या लाटेत मढी बांधायचं काम आम्हा मावश्यांवर आलं. आमच्यावरच का, हे कुणी विचारलं नाही. अकरा जणींची आडनावं वाचली की कळतं.

त्या कामातही माझी एक पद्धत होती. आधी मनगटावरची पट्टी वाचायची. मग त्या माणसाच्या कानाशी वाकून त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग झिप लावायची आणि तिथल्या तिथे बॅगवर लेबल चिकटवायचं. एकाचं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. झोपलेल्या माणसाला आपण हाक मारूनच उठवतो, मग मेलेल्याला मुक्यानं कसं बांधायचं? शिवाय त्यामुळे चूक होत नव्हती. ड्युटी डॉक्टर चेष्टा करायचे. म्हणायचे, मावशी हजेरी घेतात.

एका दुपारी दोन बायका लागोपाठ गेल्या. दोघी साठीच्या पुढच्या. एक चिखलीच्या मुसलमान घरातली, मुलगा मोटार मेकॅनिक. दुसरी बुलढाण्याहून इकडे आलेल्या घरातली, मुलगा चाकणला कंपनीत. घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांची नावं इथे लिहिणार नाही. वॉर्डात मी एकीला अम्मी म्हणायची, एकीला काकू. अम्मी रोज विचारायच्या, जेवलीस का. काकूंच्या पायाला सूज होती, त्यामुळे जोडवी निघाली नव्हती. तशी नोंद वहीत होती : जोडवी पायातच.

दुसऱ्या मावश्यांनी घाईत दोघींना आधीच बॅगेत ठेवलं होतं. मी अम्मींच्या कानाशी वाकले. तेवढ्यात ड्युटी डॉक्टर आला. खाली शववाहिका थांबलीय, नातेवाईक गोंधळ घालतायत, हजेरी बंद कर, म्हणाला. दोन्ही झिपा एकदम लावायला लावल्या. लेबलं माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चिकटवली.

पहिली बॅग स्मशानाकडे गेली. काकूंच्या नावानं.

दुसरी ट्रॉलीवर घेताना मी पायाकडून उचलली. प्लास्टिकमधून माझ्या हाताला जोडवी लागली.

झिप उघडली. काकू होत्या.

मी धावत गेले. म्हटलं, फोन करा, गाडी अजून पुलावर असेल, थांबवा. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. हेही खरं ते सांगते. मग इकडे तिकडे बघून म्हणाला,

“झिप लाव. कोण बघणार आहे?”

माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला ‘लाव’ म्हणाला.

मी लावली.

फाटकाशी अम्मींचा मुलगा उभा होता. म्हणाला, “मावशी, फक्त चेहरा दाखवा. एकदाच.” मी म्हणाले, नियम नाही.

आज अम्मींची राख इंद्रायणीत आहे. काकूंच्या मुलानं आपल्या आईची म्हणून सोडलेली. आणि अम्मींचा मुलगा दर शुक्रवारी कब्रस्तानात जाऊन काकूंसाठी फातिहा पढतो.

त्यानंतर माझं काय झालं ते फाइलीत आहेच. नातीच्या दप्तराची झिप वाजली की मी घरात घामाघूम व्हायची. जर्किन घालणं सोडलं. पर्सला बटण लावलं. कामात मात्र एक चूक नाही. कुणाला कळलं नाही, कारण याद्या बिनचूक होत्या.

मग गेल्या वर्षी हॉस्पिटलात योजना आली. चाकणच्या एका कंपनीनं खर्च उचलला होता. कोविडच्या काळात ज्यांनी काम केलं त्यांच्या मनावरच्या जखमांसाठी बोलण्याचे उपचार. भिंतीवर पोस्टर लागलं : मोकळेपणानं बोला, इथे बोललेलं इथेच राहील. मावश्यांच्या वेळा मीच लावल्या. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.

समुपदेशक मॅडम हिंजवडीहून यायच्या, पोरसवदा, आवाज मऊ. माझ्यासमोर बसून मला काय होतं असं विचारणारं पहिलं माणूस. चार वेळा मी फक्त कामाचं बोलले. पाचव्या वेळी सगळं सांगितलं. त्या रडल्या. माझा हात धरून म्हणाल्या, तुमची चूक नव्हती. त्या आठवड्यात मला झोप लागली. मला वाटलं, बोलल्यानं माणूस खरंच बरं होतं.

त्यांनी ते लिहून वर पाठवलं. वर म्हणजे कुणाकडे? तोच ड्युटी डॉक्टर आता मेडिकल सुपरिंटेंडंट झालेला.

तर ती केबिन. तो कागद. पेन माझ्यासमोर.

मी समुपदेशक मॅडमना विचारलं, इथलं इथेच राहणार होतं ना? त्या मोबाइलकडे बघतच म्हणाल्या, त्यांना अहवाल द्यावा लागतो, ती प्रक्रिया असते. डॉक्टरनं समजुतीच्या सुरात सांगितलं, ताण होता, सगळेच थकलो होतो, थकलेल्या माणसाला भास होतात.

मी कागद पुन्हा वाचला. यादी तपासते तसा, ओळीवर बोट ठेवून. एका ओळीत आजाराचं नाव होतं. आघातानंतरचा मानसिक ताण.

बोट तिथेच थांबलं.

आघातानंतरचा. म्हणजे आघात आधी. हे मी नव्हतं लिहिलेलं, त्यांच्याच तज्ज्ञांनी लिहिलं होतं. न पडलेल्या माणसाचं हाड मोडत नाही. न घडलेल्या गोष्टीनं पाच वर्षं कुणाचे तळहात गार पडत नाहीत. मला खोटी ठरवायला त्यांनी जो कागद केला, त्यावरच पुरावा होता.

खुर्चीवरची पर्स मी उचलली. झिपेला हात लागला, तरी उचलली आणि टेबलावर ठेवली. खुर्चीत बसले.

“साहेब, आजाराचं नाव बरोबर लिहिलंय. आता कारण लिहा. आघात कसला, तारीख कुठली, झिप लाव कोण म्हणालं. ते लिहा, मी लगेच सही करते.”

डॉक्टरनं पाण्याचा ग्लास उचलला, तो दातावर वाजला. खोटं कशाला बोलू, तो आवाज मला गोड लागला. अजून लागतो.

कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि उठले. सही केली नाही.

शुक्रवारी ठेकेदारानं सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

हौसाबाई, माझ्याबरोबर बारा वर्षं काम केलेली, चिखली गावठाणातली, घरी आली. तिनं मला धरून समजावलं. “आगं, एकीची राख झाली, एकीची माती झाली. आता काय उकरतीस? त्या अम्मीच्या पोराला बरं वाटंल व्हय?”

मी म्हटलं, न्हाई वाटणार.

“मग?”

मग काय. त्याला बरं वाटावं की नाही, हेसुद्धा त्या डॉक्टरनंच ठरवायचं का? आणि मी? पाच वर्षं आम्ही दोघांनी मिळून ठरवलंच की. हौसाबाई चहा न घेता गेली. जाताना म्हणाली, तुझा आता सत्कार करतील, शाल देतील. ती रागावली होती. घाबरलीही होती, बॅगा तिनंही बांधल्या आहेत.

मी आता सरकारी दवाखान्यात जाते, दर गुरुवारी. तिथल्या समुपदेशक बाई चाळिशीच्या, पंखा बंद, बाहेर रांग. पहिल्या दिवशी विचारलं, तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, बदला. मला वाटलं, आता शांतीचं सांगतील. त्यांनी लिहून घेतलं, “बदला.” मग विचारलं, कसा घ्यायचा?

कुणी मला नीट विचारलं की मी नीट सांगते. त्या डॉक्टरनं मेडिकल कौन्सिलच्या भर सुनावणीत, लोकांसमोर, ते पाच शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणायचे. झिप लाव, कोण बघणार आहे. आपण म्हणालो, असं म्हणायचं. हसलेल्या साहेबानं तो कागद कुणाच्या सांगण्यावरून केला ते सांगायचं. माझ्या बोलण्याचा अहवाल करणाऱ्या मॅडमनं पुन्हा कुणाला ‘मोकळेपणानं बोला’ म्हणता कामा नये. मला माफी नको. माफी मागून ते मोकळे होतील. मोकळं व्हायची पाळी त्यांची नाही.

मी बरी होण्यासाठी बोलत नाही आता. साक्ष देताना आवाज फाटू नये म्हणून बोलते. गुरुवारी बाई उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतात, मी उत्तरं देते. मध्ये त्या स्वतःच्या बॅगची झिप ओढतात. आधी मी थांबायची. आता वाक्य पुरं करते.

काय झालं, काय नाही, ते सांगते. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिली, पोच घेतली. त्यात दोषींमध्ये पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं डॉक्टरचं. तक्रार लिहून देणाऱ्या वकील बाईंनी विचारलं, तुमचं कशाला? म्हटलं, हात माझा होता. समुपदेशक मॅडमच्या संस्थेला पत्र गेलं. वहीच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. चाकणला काकूंच्या मुलाला भेटून आले. तो म्हणाला, त्या मेकॅनिकला आधी सांगा, मग आपण दोघं मिळून काय ते बघू.

मेकॅनिकच्या गॅरेजला दोनदा गेले. पहिल्यांदा तो गाडीखाली होता. दुसऱ्यांदा बाहेर आला, हात पुसत म्हणाला, बोला मावशी. त्यानं मला ओळखलं नाही. मी रस्ता विचारला आणि परत आले.

त्याला सांगायचं राहिलं आहे. डॉक्टरला नोटीस लागायच्या आत सांगायचं आहे, कारण हे त्याला कागदावरून कळता कामा नये. शनिवारी सकाळी दहाला गॅरेज उघडतं. वाक्य तयार आहे, गुरुवारी तीनदा म्हणून झालं. “मी तुम्हाला चेहरा दाखवला नाही, कारण बॅगेत तुमची आई नव्हती.”