बोरदऱ्याची मेथी

“आधी तू खाऊन दाखव.”

नगरच्या बाजारात, चारचौघांत, ती बाई मला म्हणाली. माझ्याच मेथीची जुडी माझ्या तोंडापुढं धरून.

आमच्या बोरदऱ्याशेजारच्या कारखान्यातली रसायनाची टाकी फुटली, त्याला वर्ष झालं. ओढ्यापलीकडची रानं जळाली. आमचं रान अलीकडं, चढावर. माती तपासली, पाणी तपासलं, भाजी खायला चांगली असा सरकारी कागद मिळाला. तो मी पाटीतच ठेवते. पण बाजारात गावाचं नाव केमिकलवाडी झालं ते झालंच.

शेजारी बसणारी सरूमावशी म्हणायची, “नेवाशाची हाय म्हन. नेवाशाला कोन नाव ठिवतंय?” वर्षभर तसंच म्हटलं. खोटं बोलून खरी भाजी विकली. त्या दिवशी त्या बाईंनी “कुठली गं?” विचारलं आणि खोटं सांगायला माझी जीभच वळेना. खरं गाव सांगितलं.

“अगंबाई, केमिकलवाडीची!”

“तपासलीय ताई. हा बगा कागद.”

“असले कागद हवे तेवढे मिळतात. आधी तू खाऊन दाखव.”

मी खाल्ली. कच्ची, मातीसकट. लोक बघत होते. एकानं मोबाईल काढला. गिळून झाल्यावर, सांगायची लाज वाटते, मी तोंड उघडूनही दाखवलं.

बाई हसल्या. दोन जुड्या पिशवीत टाकल्या. “आम्हाला नको बाई. कामवालीला होतील.”

तिथं माझं डोकं फिरलं. माझी धाकटी बहीण याच शहरात तीन घरची धुणीभांडी करते. यांच्या पोटाला जे विष, ते तिच्या पोटाला भाजी? मग आमच्या पोटांना हे काय समजतात!

मी पिशवीत हात घालून दोन्ही जुड्या काढून घेतल्या.

“अगं, पैसे देतेय ना!”

“न्हाई इकायची. तुमच्या कामवालीला माज्याकडं धाडा. तिला मी माज्या हातानं दीन.”

सरूमावशीनं कपाळावर हात मारला. “गिऱ्हाईक लक्षुमी असती गं!”

असेल. पण लक्ष्मी कुणाला चारचौघांत रवंथ करायला लावत नाही.

टाकी ज्याची फुटली, त्याच्या तोंडापुढं आजवर कुणी जुडी धरली नाही. ती माझ्याच तोंडापुढं का, हे मला त्या दिवशी कळलं. मी तोंड उघडत होते म्हणून.

आता नेवाशाचं नाव घेत नाही. काही दिवशी अर्धी पाटी उरते. उरू दे. ज्याला नको त्यानं पुढं जावं. पाटी मांडली की पहिली हाळी गावाच्या नावानंच देते, पार रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशी. यापुढं माझं तोंड उघडेल ते तेवढ्यासाठीच.