उद्द आणि अड्ड

२००१, ऑगस्टमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. हजर: आमचे वडील अप्पा, मी आणि बेंगळुरूहून दोन दिवसांसाठी आलेली माझी धाकटी बहीण. गैरहजर: मॉनिटरचं माहितीपुस्तक.

सप्तापुरातल्या अप्पांच्या घरी कॉम्प्युटरवर लिनक्स घालायचं होतं. कॉलेजच्या ऑफिसात मी ते दोनदा घातलं होतं. वहीत बावीस पायऱ्या, प्रत्येकीपुढे 'कोणी केलं' हा रकाना. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. अप्पांची औषधं, गॅसचा नंबर, विजेचं बिल, सगळं माझ्याकडे. कौतुक मात्र बेंगळुरूचं. आज अप्पांनी मला शाबास म्हणावं आणि तेही तिच्यासमोर, एवढंच मला हवं होतं.

सोळाव्या पायरीला अडलं. मॉनिटरच्या यादीत शेकडो नावं, आमचं नाही. मग दोन आकडे हाताने भरायचे, एक आडव्या दिशेचा, एक उभ्या. चुकले तर मॉनिटर बिघडेल, अशी तंबीही होती. आकडे मॉनिटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर होते, दोन बाणांपुढे, एक आडवा, एक उभा. टेबल भिंतीला टेकलेलं. अप्पा बॅटरी घेऊन फटीत शिरले.

"बरको, लिहून घे. उद्द तीस ते चौपन्न. अड्ड पन्नास ते एकशेवीस."

कन्नडात अड्ड म्हणजे आडवं, मग उद्द म्हणजे उभं. तसं भरलं, चाचणीचं बटण दाबलं. पडदा काळा, मग परत तीच चौकट. पुन्हा भरलं. पुन्हा काळा.

"आयतेनु? झालं का गं?" अप्पा फटीतूनच.

"होतंय."

"अक्का, दहा मिनिटं होतंयच," बहीण खाली बसून शेंगा सोलत होती. "वहीत 'होतंय' कितवी पायरी?"

तिने कीबोर्ड ओढून घेतला असता तर भांडता तरी आलं असतं. ती जागची हलली नाही.

"उलटे भर," ती हळूच म्हणाली. "अप्पांचं उद्द म्हणजे लांब बाजू. प्लॉट कसाही पडलेला असो, लांब ती उद्द, आखूड ती अड्ड. पडद्याची लांब बाजू आडवीच ना?"

अप्पा सर्वे खात्यात होते. लहानपणी सुट्टीत केलगेरीकडे मोजणीला जाताना ते तिला न्यायचे, साखळीचं टोक धरायला. मला म्हणायचे, "तू नीटनेटकी, तू घर बघ." कन्नड मीही तिच्याइतकंच बोलते. पण हे मोजणीचं कन्नड तिला मिळालं होतं, वर्षातून चार दिवस येणारीला.

आकडे उलटे भरले. पडदा उजळला, निळा, स्वच्छ.

अप्पा जळमटं झटकत बाहेर आले. "शाबास! कुणी केलं?"

बहिणीने मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले आणि चावत राहिली. मुद्दाम.

"झालं," मी म्हणाले.

"माझी वहीवाली!" अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी वर्षं वाट पाहिलेली थाप, आणि तीही तिनेच दिल्यासारखी. तेव्हा तिचा जेवढा राग आला, तेवढा आधी कधी आला नव्हता.

वही अजून माझ्याकडे आहे. एकवीस पायऱ्यांपुढे 'मी' लिहिलंय. सोळावीपुढचा रकाना रिकामा आहे. तो भरायचा राहिलाय.