दोन वारांची गोळी

शेजारच्या पंक्चरवाल्याला एड्स, त्यात टीबी. टीबीच्या गोळ्या रोजच्या, पण हा सोमवारी अन् शनिवारीच घ्यायचा. देवाच्या वारी पीत न्हाई ना! "आवं, दारूवर गोळी म्हंजी इख," म्हणायचा.

मी दटावायचो, "डॉक्टरीण काय म्हणली? दारू सुटंना तरी गोळी सोडायची न्हाई. मरशील लेका!"

तो हसून ट्यूबमधी हवा भरत राहायचा.

त्या दोन वारी गोळी गिळायला माझ्या ओट्यावर यायचा. त्याला कोण भांडं देत न्हाई, म्हणून ग्लास स्वतःचा आणायचा. काल सोमवारी ग्लास विसरला, ओंजळ धरली. मी कारभारणीचा पितळी पेला भरून दिला. ती गेल्यापासनं मीबी त्याला तोंड लावलं न्हवतं.

"बाटंल, बाबा."

"पी. अन् उद्याबी ये."

आज मंगळवार. दारूचा वास मारत आला, पण गोळी घेऊन आला. ग्लास आणला न्हवता.