मागच्या सीटवरचे वजन

समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनचालकाच्या डोळ्यांची जबाबदारी विधात्याने आपल्यावर सोपवली आहे, असे माझ्या आतेबहिणीचे ठाम मत आहे. दुर्दैवाने नागपुरातल्या आमच्या साऱ्या प्रतापनगरचेही तेच मत होते. सिग्नलवर एखाद्या जीपचे जादा दिवे डोळ्यांत घुसले, की ही बाई आपली स्कूटर स्टँडवर लावून थेट त्या खिडकीशी जायची. "काकाजी, तुमचे लाइट झाडावरचे पाखरं उठवून राहिले. जरा खाली पाहायले सांगा न त्याहिले!" काकाजी हसायचे, आभार मानायचे, वर घरचा पत्ता विचारायचे. हीच सूचना मी शुद्ध भाषेत, झोताच्या कोनासह, एका गृहस्थांना केली. त्यांनी काच वर केली.

मग रविवारी दिवेलागणीला, दिवे नीट करून घ्यायला, तिच्या फाटकासमोर गाड्या लागायच्या. सपाट जागा, समोर भिंत, भिंतीवर दिव्यांच्या उंचीइतकी खडूची रेघ. झोताची वरची कड त्या रेघेखालीच राहिली पाहिजे. एवढे मीही सांगितले असते. पण रिकाम्या गाडीकडे ती ढुंकूनही पाहत नसे. माणसे बसली की गाडी मागून दबते, नाक वर करते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून गाडीत एरवी जितकी माणसे बसतात तितकी आधी बसवायची. शेजारी हौसेने येत. "उपास आहे न, काकू? मंग आज हलक्या भरता तुमी. मांडीवर नातू घ्या!" असे ती म्हणाली, की सगळी गाडी हसून हलायची आणि भिंतीवरचा झोतही.

प्रकाशशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माझी तिथली नेमणूक म्हणजे मागची सीट, डावी बाजू. गेल्या हिवाळ्यात बाबांनी नरखेडच्या संत्रा बागेच्या फेऱ्यांसाठी, वाटेत धुके लागते म्हणून, गाडीला दोन दिवे बसवले. मी कोन काढून ठेवला होता, नवा पानाही आणला होता. सगळ्या नागपूरचे दिवे तिने लावावेत. मला फक्त माझ्या बापाच्या गाडीचे हवे होते. बाबा म्हणाले, "तिले येऊ दे वं. तू बस मांगं." मी बसले. तिने माझाच पाना फिरवला, झोत रेघेखाली उतरला आणि बाबांचा चेहरा असा उजळला, की तसा तो माझ्या पदवीदानालाही उजळला नव्हता. घरी जाऊन मी जेवले नाही. डोके दुखते, असे कारण सांगितले.

उन्हाळ्यात तिची चंद्रपूरला बदली झाली. यंदा गॅरेजवाल्याने बंपर काढून पुन्हा बसवला आणि दिवे वाकडे झाले. बाबांनी पाना माझ्या हातात दिला. शेजारीपाजारी गाडीत येऊन बसले, पण शिस्तीत. मला कोणाला हसवता येईना. झोत जागेवर बसला, आणि खरे सांगायचे तर तिच्यापेक्षा काटेकोर बसला. बाबा भिंतीपाशी जाऊन वाकून पाहून आले.

"मस्त झालं," ते म्हणाले. "आता तिले फोटो पाठव."

मी मान हलवली. झोत बाबांना दाखवण्याआधीच मी तिला फोटो पाठवला होता, आणि तिचे उत्तर अजून आले नव्हते.