सत्तेचाळिसाव्या पानावरची ओळ

अकोल्याच्या कॉलेजात देवमन गवई सरांइतकं बारकाईनं पेपर तपासणारं दुसरं कुणी नव्हतं. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली म्हणून ते अर्धा मार्क कापायचे. अशा माणसाच्या स्वतःच्या पीएच.डी.त चूक असेल, यावर कॉलेजच्या शिपायानंही विश्वास ठेवला नसता.

ग्रुपपासून तयार होणारी बानाख अल्जिब्रा लेबेग स्पेसवर कशी उतरवायची, हा सरांचा गणितातला विषय. या प्रत्येक स्पेसला p नावाचा एक आकडा चिकटलेला असतो. p दोन असला की ऑपरेटरचा, म्हणजे स्पेसवर चालणाऱ्या क्रियेचा, जोडीदार त्याच स्पेसमध्ये सापडतो. दोन नसला की तो दुसऱ्याच स्पेसमध्ये जाऊन बसतो. सरांनी सत्तेचाळिसाव्या पानावर हा जोडीदार कायम घरातच आहे असं धरलं आणि अख्खा सिद्धांत त्या ओळीवर उभा केला. अमरावतीला तोंडी परीक्षेत परीक्षकांनी अभिनंदन करून चहा घेतला.

दोन वर्षांनी एमएस्सीला तेच शिकवताना फळ्यापाशी सरांचा हात थबकला. घरी जाऊन त्यांनी प्रबंध उघडला, सत्तेचाळिसाव्या पानावरची चूक पाहिली आणि तो मिटला. आपला प्रबंध वाचतंय कोण, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ती भलतीच महागात पडली, पण त्यांना नाही.

वलगावची प्रियदर्शनी त्यांच्याकडे संशोधनाला आली, ती हा प्रबंध वाचूनच. चार वर्षं खपून तिनं सरांच्या सिद्धांतावर आपलं काम रचलं. परवा ती मार्गदर्शकाच्या सहीचं पान घेऊन आली. सरांनी पेन हातात घेतलं आणि त्यांच्यानं सही होईना. त्यांनी सत्तेचाळिसावं पान काढून तिच्यापुढे ठेवलं, काय चुकलंय ते सांगितलं.

तिला समजायला वेळ लागला नाही. आपल्या कामातलं काय वाचेल, एवढंच तिनं विचारलं. पहिलं प्रकरण, सर म्हणाले. स्वतःची त्यांना इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

"तुमाले कधीपासून मालूम आहे?"

"नऊ वर्सं झाली."

तिनं सत्तेचाळिसावं पान सरांकडे परत सरकवलं. मग म्हणाली, "पयल्याच महिन्यात मी तुमाले ही ओळ इचारली होती, सर. तुमी म्हनले, ते उघड आहे, पुढं चाल. काहून म्हनले तसं?"

सरांना तो दिवस लख्ख आठवत होता. "तवापर्यंत माहा प्रबंध कोनीच वाचला नवता, पोरी," ते म्हणाले. "तुह्या नजरेतून उतराचं जिवावर आलं."

प्रियदर्शनीनं सहीचं कोरं पान उचलून फाइलीत ठेवलं.

"मी तं वाचला होता ना, सर."