हबवरचा हात

धानोऱ्याच्या बाजाराला लागून, मोहाच्या झाडाखाली श्रावण मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज आपलं म्हणायचं. चार सागाचे खांब, वर पत्रा आणि खाली तेलानं काळी पडलेली जमीन. पण गडचिरोलीपासून मुरूमगावपर्यंत जंगलात फिरणाऱ्या जीपगाड्यांचा पुढचा भाग बिघडला, की त्या मुकाट इथं यायच्या. इंजिन काय, कोणीही खोलतो. जुन्या फोर-व्हील जीपचा पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. तिथं त्याच चाकांना वळायचंही असतं आणि गाडी ओढायचीही असते, म्हणजे नांगराच्या बैलानंच हाकणाऱ्या धुरकऱ्याचंही काम करायचं.

श्रावणची एक रीत होती. गाडी आली की तो पान्याला हात लावायचा नाही. आधी ड्रायव्हरला बाजेवर बसवायचा, चहा सांगायचा आणि विचारायचा, "हातात काय लागून राह्यलं, ते सांग." ड्रायव्हर म्हणाला, चक्का, म्हणजे स्टिअरिंग, हातात थरथरतो, की समजायचं, चाक ज्यावर वळतं तो किंगपिन सैल झाला. चक्का थोडा रिकामा फिरून मग पकडतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे बॉल झिजले. वळताना जड जातो, तर बहुधा शहाण्यानं फोर-व्हीलचा गिअर काढलेलाच नसायचा. गाडीचा मालक काय म्हणतो, त्याला श्रावण हिंग लावून विचारत नसे. "मालकाचं तोंड खोटं बोलते, ड्रायव्हरचा हात नाई बोलत," असं तो म्हणायचा. बल्लारशाला ट्रकांखाली लोळून शिकलेल्या माणसाचा तो धर्मच होता. त्या धर्मानं त्याला एकदाच दगा दिला.

सत्त्याऐंशी सालचा एप्रिल होता. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आलेला. पत्त्याच्या ठेकेदाराची जीप श्रीहरी चालवायचा. जंगलातल्या पत्ता-खरेदीच्या फडांवर मुनीम पोचवायचा, येताना मागं मजूर बायाबापड्या भरून आणायचा. श्रीहरी आणि श्रावणची दोस्ती जुनी. श्रावणच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तरी गावानं काही त्यांच्यासाठी माठ खाली उतरवला नव्हता. श्रीहरीची आई गिरजाबाई श्रावणला वरून ओंजळीत पाणी ओतायची. मग एकदा मुरूमगावच्या अलीकडे नाल्याच्या रेतीत जीप रुतली, ती काढायला श्रावण गेला आणि दोघं तिथंच अडकले. खायला फक्त श्रावणचा भाताचा डबा. श्रीहरीनं विचारलं नाही, पुसलं नाही. सरळ डब्यात हात घातला. घरी परतल्यावर त्यानं आईदेखत श्रावणच्या हातात लोटा दिला. गिरजाबाई महिनाभर लेकाशी बोलली नाही. श्रावण हे कोणाला सांगत नसे, पण विसरलाही नव्हता.

तर श्रीहरी जीप घेऊन आला आणि बाजेवर बसून म्हणाला, "श्रावण, चक्का हातात राहून नाई राह्यला. गाडी कधी डाव्या अंगाले जाते, कधी उजव्या. मले समजतच नाई का कवा गेली."

श्रावणनं जॅक लावला. चाक वरखाली हलवून पाहिलं, मग आडवं हलवून पाहिलं. श्रीहरीला चक्का थोडाथोडा फिरवायला सांगून स्वतः खाली झोपला आणि एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहिलं. टायरॉडचा एक बॉल किंचित झिजला होता. तो बदलला. आठवड्यानं श्रीहरी पुन्हा हजर. आता श्रावणनं किंगपिन खोलले, त्यातल्या पातळ चकत्या बदलल्या, स्टिअरिंगचा डबा उघडून पाहिला. जीप स्वतः चालवून पाहिली तर बाजारापासून नाक्यापर्यंत सुतासारखी सरळ गेली. खरं तर तिथंच त्यानं थांबायला हवं होतं. बिघाडाला एक अंग असतं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे ओढणारं चाक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण श्रीहरीसारखा ड्रायव्हर सांगतो म्हटल्यावर श्रावणनं स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवला आणि त्याच्या हातावर विश्वास ठेवला.

श्रीहरी फिरून आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मजूर बसलेले असताना जीप रस्ता सोडून सागाच्या झाडाला घासून गेली होती. "हंगामात अशी गाडी नेली त एखादी बाई मरन माह्या हातून," तो म्हणाला. मिस्त्रीला काही सापडलं नाही की तो नट कसतो, हे या धंद्यातलं उघड गुपित. श्रावणनंही तेच केलं. पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं जरा जास्तच कसली आणि म्हणाला, "चल, चातगावपर्यंत पाहून येऊ."

येताना ऊन चढलं होतं. गॅरेजशी उतरल्यावर दोघांनी नेहमीचं केलं. लांबून आलं की चाकाच्या मधोमध, हबवर, तळहात टेकवून बघायचा. बेअरिंग ठीक असेल तर हब कोमट लागतो, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाएवढा. जास्त कसलं असेल तर चटका बसतो. श्रावण डाव्या चाकाशी गेला, श्रीहरी उजव्या.

"इकडचा ठीक हाय," श्रावण म्हणाला.

"इकडचाबी. थंडाच हाय," श्रीहरी म्हणाला.

श्रावण पुढून वळून आला, तर जळक्या ग्रीसचा वास. त्यानं हबला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. श्रीहरीचा उजवा तळहात त्याच हबवर टेकलेला होता, आणि तो समोरच्या झाडावरच्या मोहाबद्दल काहीतरी सांगत होता. श्रावणनं त्याचा हात मनगटाला धरून ओढला. तळवा लालबुंद झाला होता.

श्रावणनं तो हात उजेडात धरला. त्या हाताची करंगळी जराशी वाकडी झालेली होती. बोटांच्या बेचक्यात बिडीच्या चटक्यांचे जुने डाग. त्या डागांवरून त्यानंच श्रीहरीची कितीदा थट्टा केली होती, बिडी वढतो का बोटं वढतो म्हणून.

"डोळे मिट," तो म्हणाला. "मी टोचतो. कुठी टोचलं, सांग."

श्रीहरी हसला आणि त्यानं डोळे मिटले. "टोच ना मंग," तो म्हणाला.

श्रावणनं केव्हाच टोचलं होतं.

महारोग हा शब्द कोणीच उच्चारला नाही. गरजच नव्हती. श्रीहरीचा एक चुलता त्याच रोगानं गावाबाहेरच्या खोपटात राहून मेला होता. लोक त्याचं ताट दुरून सरकवत. श्रीहरीनं डोळे उघडले, श्रावणच्या हातातल्या दाभणाचं टोक आपल्या तळव्यात रुतलेलं पाहिलं आणि त्याचा तोल गेला. "तुले गाडी जमली नाई, म्हणून माह्या हातात खराबी काढतो? ठेकेदाराच्या कानावर गेलं, त तो मले गाडीच्या सावलीत उभं करन का? उद्या पोरं काय खातीन माही?"

श्रावणनं पाना उचलला. तो खाली बसला आणि त्यानं उजवं चाक काढून पत्र्याखाली नेऊन ठेवलं. "हे चाक मी नाई चढवत," तो म्हणाला. "मागं माणसं बसतेत, श्रीहरी." श्रीहरी त्याला शिव्या देत पायीच घरी गेला.

श्रावण तिथंच बसून राहिला. रोग हल्याला आणि औषध पखालीला! महिनाभर लोखंड उलटंपालटं केलं, आणि बाजेवर बसलेल्या माणसाकडे एकदा धड पाहिलं नाही. शिवाय तो चटका त्याच्याच पान्याचा. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. लोक अंग चोरून बाजूला होतात, तेव्हा कसं वाटतं, ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. श्रीहरीच्या वाट्याला आता तेच यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीहरी आला. बाजेवर बसला आणि त्यानं हात पुढं केला. तळव्यावर टरारून फोड आला होता.

"रातभर झोपलो मी," तो म्हणाला. "येवढा फोड आला, अन् मी घोरत झोपलो, श्रावण."

श्रावणनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दोघं गडचिरोलीच्या बसमध्ये बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवरचा फिका चट्टा पाहिला, कोपरापाशी नस दाबून पाहिली. म्हणाल्या, आता नवीन गोळ्या आल्या आहेत, रोग पुरा जाईल, घरच्यांनी भ्यायचं कारण नाही. पण बोटांतली गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. "इथून पुढं डोळ्यांनी बघायचं. आणि गरम-थंड बघायचं ते कोपरानं. बाया लेकराच्या आंघोळीचं पाणी बघतात ना, तसं."

ठेकेदारानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. चहाच्या टपरीवाल्यानं श्रीहरीचा कप वेगळा, वळचणीला ठेवला. श्रावणनं तो वळचणीचा कप काढला, त्यातून चहा प्यायला आणि त्या टपरीची पायरी पुन्हा चढला नाही. श्रीहरीची बायको मनकर्णा घाबरली होती, पण तिनं ताट वेगळं केलं नाही. श्रीहरी गॅरेजमध्ये येऊन बसू लागला. सांधे तपासायला दोन माणसं लागतातच. श्रावण खाली झोपायचा आणि श्रीहरी वर चक्का हलवायचा. पण हब पाहायची वेळ आली की श्रीहरी हात मागं बांधून लांब उभा राहायचा. आपल्यातला ड्रायव्हर मेला, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि श्रावणला ते बघवत नसे.

गोळ्या संपत आल्या, त्या उन्हाळ्यात रांगीकडची एक जीप आली. बेअरिंगं बसवून दोघं लांब चक्कर मारून आले. श्रावण डाव्या चाकाशी वाकला आणि मुद्दामच उठला नाही. "उजवं तू पाह्य," तो तिकडूनच म्हणाला.

श्रीहरी हात मागं बांधूनच उजव्या चाकाशी आला. मग श्रीहरीनं बाही वर केली, खाली बसला आणि कोपर हबला टेकवलं.

"अगा माय वं!" तो ओरडला आणि कोपर धरून मागं बसकण मारली. श्रावण धावत आला. श्रीहरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "चटका बसला, श्रावण! मले चटका बसला!"

"मंग बोंबलतो काऊन? नट ढिला कर," श्रावण म्हणाला, आणि तोंड फिरवून पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.