सदतीस नंबरचे बूट

माझ्या मामाचं बूट शिवायचं दुकान होतं, आणि माणूस समोर आला की तो आधी खाली बघायचा. चेहऱ्याचा नंबर मागाहून. त्यामुळे रस्त्यात ओळखीची माणसं त्याला शिष्ट समजायची. खरं तर त्याने त्यांच्या झिजलेल्या टाचा कधीच ओळखलेल्या असायच्या.

बोलायला कमी, रागवायला त्याहून कमी. नाद एकच, सरकारी लॉटरीचा. दर शनिवारी एक तिकीट, दुसरं नाही. कोपऱ्यावरच्या पेपरवालीकडे छापील स्लिपा असायच्या. एक ते एकोणपन्नास आकड्यांचे चौकोन, त्यातले सहा काळे करायचे. एक आकडा दोनदा चालत नाही, आणि पाचच भरले तर मशीन स्लिप परत बाहेर ढकलतं. जमलं की तिकीट छापून येतं. खरी वस्तू तेच. स्लिप फाडून टाकली तरी चालते. मामा तिथेच उभा राहून आकडे ताडून बघायचा आणि तिकिटाच्या मागे सही करायचा. संध्याकाळी टीव्हीवर काचेच्या भांड्यात चेंडू उसळायचे आणि एकेक आकडा बाहेर पडायचा. तीन जुळले तर चहापाण्यापुरतं बक्षीस, सहाच्या सहा जुळले तर जॅकपॉट. कुणालाच लागला नाही तर तो पुढच्या आठवड्यात जातो आणि फुगत राहतो.

लोक वाढदिवस लावतात. मामा घरातल्यांचे पाय लावायचा. आजोबा चाळीस, स्वतः त्रेचाळीस, मामी अडतीस, आणि दोन मुलांचे जे असतील ते. पोरांचे पाय वाढले की तिकीट बदलायचं. "ज्यांच्यासाठी जिंकायचं त्यांचेच आकडे," तो म्हणायचा. शेजारचा घड्याळजी त्याला समजवायचा की कुठलेही सहा लावा, जॅकपॉट लागायची शक्यता तेवढीच, एक कोटी चाळीस लाखांत एक. मामा म्हणायचा, "मग माझेच लावतो की."

घरात माणसं पाच आणि आकडे सहा. सहावा तो मशीनला निवडायला सांगायचा.

आई गेल्यावर मला त्या घरी आणलं. बाबा जहाजावर नोकरीला. पहिल्याच दिवशी मामाने मला स्टुलावर बसवलं, कागदावर माझा पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "पस्तीस. वा, आता तिकीट पूर्ण झालं." त्या वाक्यावर मी त्या घरात राहिले. कुणी मला परकं म्हटलं नव्हतं, पण मी शनिवारी टीव्हीसमोर बसून फक्त माझाच आकडा शोधायचे. तो तिकिटावर आहे म्हणजे मी घरात आहे, असा माझा सरळ हिशोब होता.

पुढच्या वर्षी दादाचा, म्हणजे मामाच्या थोरल्याचा, पाय चाळीसवर गेला. आजोबांशी टक्कर. मामाने फार विचार केला नाही. "आजोबा मोठे, त्यांचा राहील. तू थांब जरा." दादा हसला आणि एक्केचाळीस होईपर्यंत घरभर "मला काढलंय" सांगत फिरला. त्याला हसता आलं. तो घरचाच होता. मला मात्र हसता आलं नाही, कारण मी तेव्हा सदतीस होते. पुढचा आकडा मामीचा.

तो यायचा तेव्हा आलाच. मी कुणाला सांगितलं नाही. पाय मापायची वेळ आली की अभ्यास काढून बसायचे, "सदतीसच आहे" म्हणायचे. बोटं दुमडून चालायला मी शिकले. शाळेतून येताना वळणावर बूट काढायचे आणि घर दिसलं की पुन्हा घालायचे. बूट शिवणाऱ्याच्या घरात राहून पायांचे असे हाल करून घेणारी मी एकटीच असेन.

एका शनिवारी सकाळी मामाने टाच बसवायला माझा बूट घेतला. सवयीने आत हात घातला आणि थांबला. पुढचं अस्तर अंगठ्याने फाडलं होतं, आणि त्यावर रक्ताचा वाळलेला डाग होता.

"मोजा काढ," तो म्हणाला.

मी काढला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. मग कागद न घेता, नुसत्या हाताने त्याने पाय धरला.

"अडतीस. कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि बोलली नाहीस?"

"तो मामीचा आकडा आहे."

त्याला कळेना. त्याने मामीकडे पाहिलं. मामी दारात भांडं पुसत उभी होती. तिचा हात थांबला.

"अहो, दादाला काढलंत ना तुम्ही तिकिटावरून," ती हळूच म्हणाली. "पोरीने तेव्हापासून धास्ती घेतलीय."

मामाचा चेहरा पडला. इतका की मलाच त्याची कीव आली. "मी आपलं गमतीत..." तो म्हणाला.

मामी येऊन माझ्या शेजारी बसली. तिने आपला पाय माझ्या पायाला लावून पाहिला. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा.

"अडतीस आम्हा दोघींचा," ती म्हणाली. "सहावा मशीनला भरू दे."

"पण मग ही कुठे..." मामा अजून स्लिपमध्येच अडकला होता.

"ही इथे. तिकिटाचं काय घेऊन बसलात?"

मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं एकदम आलं. मामीने थांबवलं नाही, नुसती पाठीवर हात ठेवून बसली. मामा उठला, आतून मामीचे सपाट बूट घेऊन आला आणि खाली बसून माझ्या पायात चढवू लागला. नखाला धक्का लागू नये म्हणून त्याने चामडं दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं.

त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. मी आतल्या खोलीत मामाच्या धाकटीशी पत्ते खेळत होते. ती चक्क लबाडी करत होती आणि मी भांडत होते. बाहेरून दादा ओरडला की आपले दोन आले, तेव्हा कुठे मला आठवलं की आज शनिवार आहे. कुठले दोन, ते मी विचारलं नाही. डाव माझ्या हातात होता.